जुन्या मासिकांतील विस्मृत लेखकांचा शोध कसा घ्यावा : बेळगाव सीमाभागातील वाचक-अभ्यासकांसाठी

हरिभाऊ आपट्यांचे साप्ताहिक 'करमणूक' १८९० साली निघाले आणि का. र. मित्रांचे मासिक 'मनोरंजन' १८९५ साली. तेथपासून पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षे लोकप्रिय नियतकालिकांनी मराठी वाचक घडविला. पण त्या वाचकासाठी ज्यांनी लिहिले त्यांपैकी फार थोड्यांची नावे वाङ्मयाच्या इतिहासात उरली. वि. सी. गुर्जर, ना. सी. फडके, वि. स. खांडेकर हे सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्याच कथेच्या मागच्या-पुढच्या पानांवर दोन-चार गोष्टी, एखादे प्रवासवर्णन, एखादा आरोग्यविषयक लेख लिहून थांबलेले शाळामास्तर, वकील, कारकून आणि घरसंसार सांभाळून लिहिणाऱ्या स्त्रिया मात्र वार्षिक अनुक्रमणिकेबाहेर कोठेही भेटत नाहीत. त्यांतले कोणी आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातले असतील, तर त्यांचा शोध घेणे हे आपलेच काम आहे, कारण ते दुसरे कोणी करणार नाही.

हे काम आपल्याकडे अधिक अवघड होण्याचे एक कारण ऐतिहासिक आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्या दिवशी तो म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे आपल्या लेखकांची माणसे आणि घरे इकडे राहिली, तर त्यांचे लेखन ज्या सूचींत, कोशांत आणि संग्रहालयांत नोंदले गेले ती सर्व साधने मुंबई-पुण्याकडे राहिली. दोन्ही बाजू एकत्र आणल्याखेरीज एकाही लेखकाची नोंद पुरी होत नाही. पुढे सांगितलेली पद्धत त्याच हेतूने मांडली आहे, आणि तिचा पाया एकच आहे: छापील नाव म्हणजे माणूस नव्हे. परस्परांशी संबंध नसलेले दोन पुरावे एकाच माणसाकडे बोट दाखवीत नाहीत, तोवर ते नाव कोणालाही चिकटवू नये.

प्रथम अंक, मग आठवणी

बहुतेक जण शोधाला उलट्या टोकाने आरंभ करतात. "आमचे पणजोबा मनोरंजनात लिहीत असत" असे घरात सांगितले जाते आणि त्या वाक्याला आधार शोधण्यासाठी अंक चाळले जातात. अशा वेळी डोळे हवे ते पाहतात. त्याऐवजी आधी अंक वाचावेत, त्यांत आपल्या भागाचा उल्लेख असलेली नावे टिपावीत आणि मग घरांकडे वळावे. घरातली आठवण खोटी असते असे नाही. ती मासिकाच्या नावाबाबत बरेचदा चुकते. गाजलेल्या मासिकाचे नाव सर्वांच्या तोंडी असल्यामुळे कोणत्याही मासिकातले लेखन कालांतराने त्याच्या खात्यावर जमा होते. म्हणून 'मनोरंजन' सापडले नाही, तर 'विविधज्ञानविस्तार', 'केरळकोकिळ', 'चित्रमयजगत्', 'नवयुग', 'रत्नाकर', 'यशवंत' हेही पाहावेत. कोल्हापूर जवळ असल्यामुळे विष्णु गोविंद विजापूरकरांचे 'विश्ववृत्त' आणि त्याआधीची 'ग्रंथमाला' वगळू नयेत. 'किर्लोस्कर खबर'चा तर आपल्या गावाशी थेट संबंध लागतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान काढले ते बेळगावात. कारखाना १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला गेला, आणि तेथून १९२० मध्ये निघालेले हे कारखान्याचे पत्रक शं. वा. किर्लोस्करांच्या संपादनाखाली घरोघरी वाचले जाणारे मासिक झाले. त्याच संस्थेने १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' सुरू केले.

अंक मिळण्याची ठिकाणे ठरलेली आहेत. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचे. जुन्या वाचनालयात जाताना "जुनी मासिके आहेत का?" असे मोघम विचारू नये, मासिकाचे नाव आणि वर्ष सांगून बांधीव पुस्तके मागावीत, आणि ती सूचीत नसल्यास दाखल-नोंदवही पाहू देण्याची विनंती करावी. पुष्कळ वाचनालयांत बांधीव मासिके ग्रंथांच्या सूचीत चढविलेलीच नसतात. ती वरच्या फळीवर किंवा मागच्या खोलीत असतात, आणि हे जुन्या कर्मचाऱ्यालाच ठाऊक असते. शक्य असेल तर हे काम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत करावे. बेळगावच्या पावसात ओलावा धरलेला जुना कागद उघडताना चिकटतो आणि फाटतो. ग्रंथपालही त्या दिवसांत अशी पुस्तके द्यायला नाखूष असतात, आणि त्यांचे बरोबर आहे.

बांधीव पुस्तक हाती आल्यावर ते कसे पाहावे हे थोडे तपशिलाने सांगतो. पहिल्या पानावर "पुस्तक अमुक, अंक अमुक" असे असते. येथे 'पुस्तक' म्हणजे वर्षाचा खंड. वर्षभराची अनुक्रमणिका बहुधा खंडाच्या आरंभी लावलेली असते, पण ती शेवटचा शब्द मानू नये, कारण तिच्यात लेखाचे नाव असते आणि लेखकाचे नसते, किंवा उलट. मुख्य अडचण अशी की पुस्तकबांधणी करताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने बरेचदा काढून टाकली जात. त्या महिन्याची लेखकसूची, "लेखकांस सूचना" आणि आगामी अंकाची जाहिरात नेमकी त्याच पानांवर छापलेली असे. म्हणून बांधीव खंड मिळाला तरी त्याच वर्षाचे सुटे अंक कोणाच्या माळ्यावर आहेत का, याची चौकशी सोडू नये. मुखपृष्ठासकट एक सुटा अंक कधी कधी संपूर्ण बांधीव खंडापेक्षा अधिक सांगतो.

कथा वाचल्यावर तेथेच थांबू नये. "पोच व अभिप्राय" या सदरात नव्या पुस्तकांची पोच असते आणि तीत लेखकाचे पूर्ण नाव, हुद्दा, गाव आणि पुस्तकाची किंमत येते. एखाद्याच्या गोष्टीखाली केवळ आद्याक्षरे असतील, पण त्याच्याच छोट्या पुस्तकाच्या पोचेत "असिस्टंट मास्तर, अमुक हायस्कूल" असे सापडू शकते. संपादकीय स्फुटे, वाचकांची पत्रे, बक्षीस-स्पर्धांचे निकाल आणि मृत्युलेख हीही अशीच खाण आहे. 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये मराठीतील पहिला दिवाळी अंक काढला. त्यानंतर इतर मासिकांनीही दिवाळी अंक काढण्याची प्रथा उचलली, आणि एरवी अंकात न दिसणारे लेखक दिवाळी अंकात भेटू शकतात. म्हणून वेळ थोडा असेल तर आधी दिवाळी अंक पाहावेत.

नावांचा गुंता

या शोधात सर्वांत अधिक वेळ नावांत जातो, आणि सर्वांत अधिक गोंधळ तेथेच होतो. त्या काळी टोपणनावाने लिहिणे ही नेहमीची गोष्ट होती, आणि एकच माणूस निरनिराळ्या प्रकारच्या लेखनासाठी निरनिराळी नावे वापरी. राम गणेश गडकरी कवितेखाली 'गोविंदाग्रज' आणि विनोदी लेखांखाली 'बाळकराम' म्हणून सही करीत. खांडेकरांनी आरंभी कवितांसाठी 'कुमार' आणि विनोदी लेखनासाठी 'आदर्श' ही नावे घेतली होती. अशा वेळी नुसत्या खऱ्या नावाने शोधणाऱ्याला लेखकाचे अर्धेच लेखन दिसते.

याउलट, दोन माणसे एकाच नावाखाली एकत्र होण्याचा धोका त्याहून मोठा आहे. 'दिवाकर' म्हणजे नाट्यछटाकार शंकर काशिनाथ गर्गे; 'दिवाकर कृष्ण' म्हणजे दिवाकर कृष्ण केळकर, ज्यांची 'अंगणातला पोपट' ही कथा १९२२ साली 'मनोरंजन'मध्ये आली. एकाचे ते टोपणनाव आहे, दुसऱ्याचे आडनाव गाळलेले खरे नाव आहे. घाईने केलेल्या सूचीत हे दोघे एकमेकांच्या लेखनाचे मालक होऊन बसतात. तसेच ह. ना. आपटे आणि ना. ह. आपटे. पहिले 'करमणूक'कार हरिभाऊ, १८६४ ते १९१९. दुसरे कादंबरीकार नारायण हरी आपटे, १८८९ ते १९७१. आद्याक्षरांची अदलाबदल झाली की पंचवीस वर्षांचे अंतर पुसले जाते. इतक्या प्रसिद्ध माणसांबाबत असे घडते, तर कुलकर्णी, देशपांडे, देसाई, पाटील या आडनावांच्या अप्रसिद्ध लेखकांबाबत काय घडत असेल याची कल्पना करावी. आपल्या भागात तर ही आडनावे मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषा बोलणाऱ्या घरांत आहेत, त्यामुळे आडनावावरून भाषाही ठरविता येत नाही.

गावाच्या नावावरून पडलेल्या आडनावांनी आणखी एक फसगत होते. 'बेळगावकर' किंवा 'निपाणीकर' आडनाव पाहून लेखक बेळगावचा किंवा निपाणीचा असे समजणे साहजिक वाटते. वस्तुस्थिती पुष्कळदा उलटी असते, कारण माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला की तेथले लोक त्याला मूळ गावाच्या नावाने ओळखू लागतात. पिढ्यान्‌पिढ्या बेळगावातच राहिलेल्याला 'बेळगावकर' म्हणण्याचे कारण काय? म्हणून असे आडनाव हा मूळ गावाचा अंधूक इशारा मानावा, राहत्या गावाचा पुरावा मानू नये. आणि आडनाव बदलणारेही होतेच: खुद्द 'मनोरंजन'कार मित्रांचे मूळ आडनाव आजगावकर, बंगाली साहित्याच्या ओढीने त्यांनी 'मित्र' हे नाव घेतले.

दत्तकविधानाने तर सगळेच नाव बदलते. सांगलीत १८९८ साली जन्मलेले गणेश आत्माराम खांडेकर १९१६ मध्ये दत्तक गेले आणि विष्णु सखाराम झाले. पुढे १९२० पासून आंबोली घाटाच्या पलीकडे शिरोड्याला शिक्षक असताना त्यांनी जे लिहिले ते नव्या नावाने. त्यांच्या शालेय दप्तरात विष्णु सखाराम शोधणाऱ्याला हाती काहीच लागणार नाही. आपल्या भागात वतनदार आणि इनामदार घराण्यांत दत्तक घेण्याची चाल होती, तेव्हा एखाद्या लेखकाचा माग एकाएकी तुटला तर "तो वारला" किंवा "त्याने लिहिणे सोडले" असे लिहिण्याआधी दत्तकाची शक्यता तपासावी.

स्त्रियांच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. लग्नापूर्वीचे नाव, सासरचे नाव, "सौ." लावून केवळ पहिले नाव, "एक स्त्री" किंवा "एक भगिनी" अशी निनावी सही, आणि कधी पुरुषाच्या नावाने केलेले लेखन, एवढे सगळे एकाच बाईच्या वाट्याला येऊ शकते. बाळूताई खरे यांनी १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हा संग्रह 'विभावरी शिरूरकर' या नावाने प्रसिद्ध केला तेव्हा लेखिका कोण यावर महाराष्ट्रभर तर्क चालले. पुढे त्या मालती बेडेकर म्हणून ओळखल्या गेल्या. इतकी चर्चा ज्यांच्या वाट्याला आली नाही त्यांच्या बाबतीत टोपणनावामागचे नाव घरच्यांनाही माहीत नसते. येथे माझे ठाम मत असे आहे की लेखिकेची नोंद करताना माहेरचे नाव मिळाल्याखेरीज नोंद पुरी समजू नये, कारण पुढच्या अभ्यासकाला तिचे लग्नापूर्वीचे लेखन त्याच नावाने सापडणार आहे.

प्रत्यक्ष काम करताना प्रत्येक छापील नावासाठी एक स्वतंत्र कार्ड किंवा वहीचे एक पान ठेवावे आणि त्यावर नाव छापले आहे तसेच, अनुस्वार आणि पूर्णविरामासकट, उतरवावे. समजा एका गोष्टीखाली "गो. रा. कु., चिकोडी" एवढीच अक्षरे आहेत. कार्डाच्या माथ्यावर तेवढेच लिहावे. खाली मासिक, पुस्तक, अंक, महिना, पृष्ठे. त्याखाली लेखाचे नाव, आणि "क्रमशः" असल्यास पुढचे अंक. "कु." म्हणजे कुलकर्णी असावे, असा तर्क मनात आला तर तो पेन्सिलीने कोपऱ्यात लिहावा. शाईने फक्त छापलेले, पेन्सिलीने आपले तर्क, हा नियम पाळला की सहा महिन्यांनी ती वही उघडताना खरे कोणते आणि अंदाज कोणता हे स्वतःलाच विचारावे लागत नाही. संगणकावर काम करणाऱ्यांनी याचसाठी दोन वेगळे रकाने ठेवावेत.

तारखा आणि जुने शुद्धलेखन

काही नियतकालिके इंग्रजी महिना छापीत, काही शके आणि मराठी महिना. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, पण पौषाच्या सुमारापासून फाल्गुनापर्यंत इंग्रजी वर्ष बदललेले असते, त्यामुळे तेथे ७९ मिळवावे लागतात. शके १८४० चा श्रावण म्हणजे १९१८, आणि त्याच शकाचा माघ म्हणजे १९१९. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेला लेख जिवंतपणी लिहिला असे ठरविण्याच्या चुका येथेच होतात. अंक उशिरा निघणे हीही त्या काळची नित्याची बाब होती, म्हणून छापील महिना आणि प्रत्यक्ष प्रसिद्धी यांत अंतर असू शकते.

संगणकावर शोध घेताना आजच्या शुद्धलेखनाने शोधू नये. महाराष्ट्रात नवे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये आले. त्याआधीच्या छपाईत "बेळगांव", "मासिकांत", "कवि", "मूर्ति" अशी रूपे असत. प्रत्येक नावाची अनुस्वारयुक्त आणि अनुस्वाररहित, ऱ्हस्व आणि दीर्घ अशी सर्व रूपे टाकून पाहावीत. स्कॅन केलेल्या जुन्या देवनागरी पानांवर यंत्राने केलेले अक्षरवाचन अजून फार विश्वासार्ह नसते, म्हणून "काही सापडले नाही" हे उत्तर अंतिम धरू नये. इंटरनेट आर्काइव्हवर किंवा एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथसंजीवनीवर मिळालेला खंड पान उलटत वाचावा.

मूळ गोष्ट की रूपांतर?

लेखक सापडला म्हणजे गोष्टही त्याचीच, असे होत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतील मासिकांत इंग्रजी आणि बंगाली गोष्टींची रूपांतरे सर्रास येत असत. काही वेळा "एका इंग्रजी गोष्टीच्या आधारें" किंवा नुसते "आधारित" अशी टीप असे, काही वेळा काहीच नसे. मित्र स्वतः बंगालीतून मराठीत लेखन आणीत, आणि गुर्जरांच्या कथांवरही प्रभातकुमार मुखोपाध्याय यांच्या कथांचा प्रभाव आहे. याला त्या काळी चोरी म्हणत नसत, आणि आजच्या मापाने त्या लेखकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे मला अन्यायाचे वाटते; परंतु रूपांतराला स्वतंत्र कथा म्हणून मिरविणे हेही तितकेच चुकीचे आहे.

रूपांतर ओळखण्याच्या काही खुणा आहेत. कथेतले नाव-गाव मराठी असूनही पात्रांचे वागणे परके वाटते. अनोळखी तरुण-तरुणी एकटे भेटून मोकळेपणाने बोलतात. वारसाहक्काचा किंवा मृत्युपत्राचा असा पेच असतो की जो आपल्या एकत्र कुटुंबात उद्भवणारच नाही. बर्फ, शेकोटीजवळचा दिवाणखाना, रात्रीची रेल्वेगाडी आणि अनोळखी सहप्रवासी हे सगळे एकाच गोष्टीत येते. गुप्तहेरकथांबाबत तर आधी इंग्रजी मूळ शोधावे आणि ते सापडले नाही तरच स्वतंत्र म्हणावे, तेही "मूळ आढळले नाही" अशा शब्दांत. उलटपक्षी, एखाद्या कथेत तंबाखूच्या वखारी, घाटातली बैलगाडी, मराठी-कानडी मिसळलेली बोली असे आपल्या भागाचे बारकावे आले, तर ती लेखकाच्या ओळखीलाही आधार देते. मात्र तो आधार दुय्यम. आंबोली घाट मुंबईला बसूनही लिहिता येतो.

आपल्या सीमेवर रूपांतराचा प्रवाह दोन्ही दिशांना वाहत होता, हे लक्षात ठेवावे. हावेरी भागातून 'सद्बोध चंद्रिके' हे कन्नड मासिक चालविणारे गळगनाथ यांनी हरिभाऊ आपट्यांच्या अनेक कादंबऱ्या कन्नडमध्ये नेल्या. धारवाडच्या कर्नाटक विद्यावर्धक संघाचे 'वाग्भूषण' १८९६ पासून आणि आलूर वेंकटरावांचे 'जय कर्नाटक' १९२२ पासून निघत होते. दोन्ही भाषा लिहिणाऱ्या माणसाने एका भाषेत मासिकांत लिहिले असेल तर दुसऱ्या भाषेतही लिहिले असण्याची शक्यता आहे, आणि कन्नड वाचता येणारा सहकारी बरोबर घेतल्याखेरीज असा लेखक पुरा हाती येणार नाही. सीमाप्रश्नावर आपली मते काहीही असोत, या कामात धारवाडकडे पाठ फिरविण्याने नुकसान आपलेच होते.

सूची, कोश आणि सरकारी कागद

अंकांतून नावे निघाली की छापील साधनांकडे वळावे. दाते, काळे आणि बर्वे यांनी केलेली १८०० ते १९५० या काळातील मराठी नियतकालिकांची सूची मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने प्रसिद्ध केली. या विषयात तिला पर्याय नाही. शं. ग. दाते यांच्याच मराठी ग्रंथसूचीत १८०० ते १९३७ मधील पुस्तके आहेत. मासिकात लिहिणाऱ्याने एखादे पुस्तक काढले असेल तर तेथे सापडते, आणि पुस्तक सापडले की पूर्ण नाव, गाव आणि प्रस्तावना मिळते. चरित्रासाठी गं. दे. खानोलकरांचे 'अर्वाचीन मराठी वाङ्मयसेवक' पाहावे. सूचीत नाव नाही म्हणून लेखक नव्हताच असे मात्र समजू नये; सूचीकारांना जे अंक मिळाले नाहीत ते सूचीत येणार कसे?

सरकारी साधने दोन महत्त्वाची. १८६७ च्या मुद्रण आणि ग्रंथनोंदणी कायद्याने प्रत्येक पुस्तकाची नोंद करावी लागे, आणि मुंबई इलाख्याच्या त्रैमासिक याद्यांत लेखक, मुद्रक, प्रकाशक, पृष्ठे, प्रतींची संख्या आणि किंमत दिलेली असते. दुसरे साधन म्हणजे देशी वृत्तपत्रांवरील सरकारी अहवाल. त्यांतील वृत्तपत्रांच्या यादीत संपादकाचे नाव, जात, वय आणि पत्राचा खप दिलेला असतो. १८६३ पासूनचे 'बेळगाव समाचार' किंवा १९१९ मध्ये बाबुराव ठाकुरांनी सुरू केलेले 'तरुण भारत' अशा स्थानिक पत्रांभोवती जमलेल्या लेखकांचा माग काढायला अशा याद्या उपयोगी पडतात, कारण आधी स्थानिक साप्ताहिकात आणि मग मुंबई-पुण्याच्या मासिकात, हा लेखकाचा स्वाभाविक रस्ता होता.

येथे सीमाभागाची एक खास अडचण आहे आणि ती फार जणांच्या ध्यानात येत नाही. आजचा बेळगाव जिल्हा तेव्हा एका सत्तेखाली नव्हता. बेळगाव शहराला चिकटलेले शहापूर सांगली संस्थानात होते, रायबाग कोल्हापूर संस्थानात होते, रामदुर्ग हे स्वतंत्र संस्थान होते. त्यामुळे शहापुरात राहून बेळगावच्या शाळेत शिकविणाऱ्या लेखकाचे घर, जमीन आणि जन्ममृत्यू यांची कागदपत्रे सांगलीच्या दप्तरात, आणि नोकरीची इलाख्याच्या दप्तरात अशी विभागलेली असू शकतात. कोणताही अर्ज करण्यापूर्वी लेखकाच्या गावी १९४८ पूर्वी कोणाचे राज्य होते हे निश्चित करावे. त्याने कित्येक फेऱ्या वाचतात.

शिक्षकांसाठी शाळेचे जनरल रजिस्टर हे सर्वांत भरवशाचे साधन आहे. त्यात विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव आणि आधीची शाळा असते, आणि पुष्कळ लेखक ज्या शाळेत शिकले तेथेच किंवा जवळपास शिक्षक झाले. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा, कोणत्या वर्षांची नोंद हवी ते स्पष्ट लिहावे, आणि जिवंत व्यक्तींची माहिती उतरवून घेऊ नये. १९२९ मध्ये शि. म. परांजपे यांच्या अध्यक्षतेखाली आणि १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात मराठी साहित्य संमेलने झाली. त्या काळच्या स्थानिक वर्तमानपत्रांतील संमेलनवृत्ते चाळावीत. स्वागत समितीत आणि वक्त्यांत आपल्या गावचे लिहिणारे भेटण्याचा संभव आहे.

घरी जाताना

एवढी तयारी झाल्यावर लेखकाच्या वंशजांकडे जावे, आणि जाताना त्यांच्या आजोबांच्या किंवा पणजीच्या लेखाची स्वच्छ छायाप्रत बरोबर न्यावी. "तुमच्याकडे काही कागद आहेत का?" असे विचारणाऱ्याला नकार मिळतो, "हे त्यांचे लेखन, तुमच्यासाठी आणले आहे" असे सांगणाऱ्यापुढे ट्रंक उघडली जाते. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा गावांतून भरणारी साहित्य संमेलने ही अशी घरे शोधण्याची उत्तम जागा आहे. तेथे जमलेल्या वडीलधाऱ्यांना गावातल्या तीन पिढ्या तोंडपाठ असतात.

घरात पाहायचे ते हे: संपादकांची पत्रे, "साभार परत" आलेली हस्तलिखिते, मनिऑर्डरच्या पावत्या, मासिकाच्या वर्गणीच्या नोंदी, आणि लेखकाने स्वतःच्या छापील लेखावर केलेल्या दुरुस्त्या. टोपणनाव सिद्ध करायला संपादकाच्या एका पोस्टकार्डाइतका पक्का पुरावा दुसरा नाही, कारण त्यावर खरे नाव, पत्ता, टपालाचा शिक्का आणि लेखाचे नाव एकाच ठिकाणी असते. जुनी खाजगी पत्रे मोडीत असण्याचा संभव मोठा आहे, म्हणून मोडी वाचणारा माणूस आधीच शोधून ठेवावा. मूळ कागद मागून नेऊ नयेत. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, पाठपोट दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, पोस्टकार्डाची पत्त्याची बाजू तर कदापि सोडू नये, आणि कागद होता त्याच क्रमाने परत ठेवावा. चिकटपट्टीने फाटका कागद जोडून देण्याची उत्साही मदत करू नये. काही वर्षांत ती पट्टी पिवळी पडून अक्षरांसकट निघते.

नोंद लिहिणे आणि लेखन पुन्हा छापणे

नोंद छोटी असली तरी चालेल, पण तिच्यातले प्रत्येक विधान कोठून आले हे त्याच ओळीत सांगावे: अंकातून, रजिस्टरातून, की नातवाच्या सांगण्यावरून. ओळख केवळ एका पुराव्यावर उभी असेल तर "असावे" हा शब्द वापरावा आणि तो मोकळेपणाने वापरावा. लेखनाची यादी छापील क्रमाने, मासिकाचे पुस्तक, अंक आणि पृष्ठांसह द्यावी. टोपणनावे आणि नावाची जुनी लेखनरूपे सर्व द्यावीत. रूपांतरे वेगळी दाखवावीत. लेखनाचा दर्जा कसा होता यावर दोन वाक्ये अवश्य लिहावीत. गावचा माणूस म्हणून सामान्य कथेला थोर म्हणू नये. तिच्यात संवाद जिवंत असतील, विधवेच्या किंवा कुळाच्या दुःखाकडे पाहण्याची नजर वेगळी असेल, तर ते नेमके दाखवून द्यावे.

कथा पुन्हा छापायची असेल तर हक्काचा विचार करावा लागतो. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे हक्क टिकतो. गुर्जर १९६२ मध्ये वारले, म्हणून त्यांचे लेखन २०२३ च्या आरंभापासून खुले आहे; खांडेकर १९७६ मध्ये वारले, त्यांचे लेखन २०३६ अखेरपर्यंत खुले होत नाही. निनावी किंवा टोपणनावाच्या लेखनाचा हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षे असतो, पण त्या मुदतीत खरे नाव उघड झाले असेल तर पुन्हा मृत्यूचे वर्षच धरावे लागते. म्हणजे मृत्युवर्ष शोधणे हा या कामाचा व्यवहारातलाही भाग आहे. वर्ष लागतच नसेल तर पूर्ण कथा न छापता सारांश आणि थोडी अवतरणे द्यावीत.

तयार नोंदीच्या छापील प्रती कराव्यात आणि एक प्रत लेखकाच्या कुटुंबाला, एक बेळगावच्या वाचनालयाला व एक मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाला द्यावी. सोबतच्या पत्रात नोंदीतील अनिश्चित जागा ठळक लिहाव्यात, म्हणजे दुसऱ्या गावातल्या कोणाजवळ एखादा सुटा अंक किंवा पोस्टकार्ड असेल तर त्याला नेमके कशाबद्दल कळवायचे ते समजेल.